टकल्याचे ब्रश

माझ्या डोक्यावर केस नाहीत हे नातेवाइकांना माहीतच आहे, बाकीच्यांना आता कळलं. पस्तिशीत कपाळ वर सरकायला लागलं आणि पन्नाशीपर्यंत मैदान साफ झालं. शाळेतल्या मुलांनी मला काय नाव ठेवलं होतं ते निवृत्तीच्या समारंभात एका माजी विद्यार्थ्याने माइकवरून सांगितलं, ते इथे लिहीत नाही. तर अशा माणसाच्या कपाटात केसांचे अकरा ब्रश, नऊ हातआरसे आणि मोजून पाच फण्या आहेत, म्हणून घरी येणारा प्रत्येक जण एकदा तरी हसतो. हसू दे. आमच्या हिला तर त्यावरचे सगळे विनोद पाठ झालेत, पाहुण्याने अर्धा केला की उरलेला अर्धा तीच पुरा करते.

पण २०२५ च्या दिवाळीत भाचा आला होता, त्याने विनोद केला नाही, हिशोब केला. चांदी तेव्हा किलोला दीड लाखाच्या वर गेली होती. त्याने कपाट उघडलं, एक आरसा हातात तोलला आणि म्हणाला, "मामा, हे सगळं वितळवून टाका. आत्ताच वेळ आहे. नाहीतरी तुमच्यामागे हे कोण घेणार?"

त्याचा प्रश्न चुकीचा नाही. मी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, हा प्रश्न मलाही पहाटे पडतो. पण त्याला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो. शिवाय एक जुनं ओझं आहे, तेही एकदा उतरवायचं आहे.

आधी या वस्तू काय आहेत ते सांगतो. इंग्लंड-अमेरिकेत बायकांच्या ड्रेसिंग टेबलावर एकाच नक्षीचा संच असायचा. दांड्याचा हातआरसा, केसांचा ब्रश आणि फणी हा त्याचा गाभा. मोठ्या संचात कपड्यांचा ब्रश, टोपीचा ब्रश, बुटांची बटणं लावायचा आकडा, नखं घासायची मऊ कातड्याची गादी, पावडरीची डबी आणि सगळं मांडायला तबक. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून साधारण दुसऱ्या महायुद्धापर्यंत लग्नात किंवा वाढदिवसाला असा संच द्यायची तिकडे चाल होती. आपल्याकडे लग्नात ताट-वाटी-तांब्या देतात तसं म्हणा.

आपल्याकडे याच्या जवळची वस्तू म्हणजे फणेरपेटी. झाकणाला आतून आरसा, आत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. जमिनीवर मांडी घालून बसायचं, पेटी पुढ्यात उघडायची. पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात फण्या, करंडे, पाय घासायच्या वज्री असं पुष्कळ पाहायला मिळतं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे, आणि संग्रहालयाला त्यांनी नाव दिलं ते लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. घरातल्या साध्या वस्तूही जपायच्या असतात हे आमच्या पिढीला त्यांनी दाखवलं. मी शाळेची सहल घेऊन तिथे किती वेळा गेलो याची गणती नाही. मुलं तोफा शोधायची, मी अडकित्ते पाहत उभा राहायचो.

पण फणेरपेटी आणि विलायती संच यांत एक फरक आहे, तो मला फार उशिरा लक्षात आला. पेटीतल्या आरशात आपण समोरचा चेहरा बघतो. विलायती हातआरसा मुख्यतः पाठीमागचं बघायला. पुढे ड्रेसिंग टेबलाचा मोठा आरसा, त्याच्याकडे पाठ करायची किंवा थोडं वळायचं, हातातला आरसा समोर धरायचा, की मानेवरचा अंबाडा दिसतो. म्हणजे या आरशाला दुसरा आरसा लागतो, एकट्याचं त्याचं काम अर्धंच.

ब्रशाचंही तसंच. तिकडे थंडीत केस वरचेवर धुवत नसत. म्हणून रात्री शंभर वेळा ब्रश फिरवावा, म्हणजे धूळ निघते आणि डोक्यावरचं नैसर्गिक तेल टोकापर्यंत पोचतं, असा बायकांना सल्ला असे. आपण बाहेरून तेल घालायचो, त्यांना आतलं पुरवून वापरायचं होतं. ब्रशाचे तंतू रानडुकराच्या केसांचे. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) ब्रशात अडकलेले केस फेकायचे नाहीत, त्यासाठी झाकणाला भोक असलेली एक डबी असायची. त्यात बोटाने गुंतवळ ढकलायचं, साठलं की त्याचे बोळे करून केसांखाली घालायचे, म्हणजे केशरचना फुगीर दिसे. त्या बोळ्यांना इंग्रजीत चक्क 'उंदीर' म्हणत. आपल्याकडे गंगावन होतंच, आणि गुंतवळ घेऊन फुगे नाहीतर भांडी देणाऱ्या बायका गल्लीत यायच्या, तेव्हा आपण हसावं असं काही नाही.

आता भाच्याच्या चांदीबद्दल. या ब्रशांची आणि आरशांची पाठ म्हणजे चांदीचा पातळ पत्रा. ठशावर दाबून नक्षी उठवायची, पोकळीत राळ किंवा डांबरासारखं काही भरायचं आणि पत्रा ब्रशाच्या लाकडावर बसवायचा. हातात वजन लागतं ते राळेचं, लाकडाचं आणि काचेचं. माझ्याकडच्या एका ब्रशाची पाठ सुटली होती, ती मी तोलून घेतली, पन्नास ग्रॅमही भरली नाही. कित्येक संच तर चांदीचे नसतातच. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने चांदीचा मुलामा चढवायच्या रीतीचं पेटंट घेतलं, त्यानंतर जर्मन सिल्व्हरवर मुलामा दिलेले संच ढिगाने निघाले. खरी चांदी ओळखायची ती शिक्क्यांवरून. चालता सिंह असेल तर साडेब्याण्णव टक्के शुद्ध, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम (बर्मिंगहॅमला समुद्र नाही, तरी खूण जहाजाच्या नांगराची, हे मला अजून पटत नाही), आणि शेजारचं एक अक्षर साल सांगतं. हे शिक्के वाचायला मी मुलीकडे इंग्लंडात २००९ मध्ये राहिलो तेव्हा शिकलो. भिंग घेऊन रविवारच्या बाजारात फिरायचो. जावयाला वाटायचं सासऱ्याला चष्म्याचा नंबर बदलायला हवा.

गरिबांसाठी, म्हणजे आपल्यासारख्यांसाठी, सेल्युलॉइडचे संच होते. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने १८६९ च्या सुमाराला हे द्रव्य बाजारात आणलं ते बिलियर्डच्या चेंडूंना हस्तिदंत कमी पडत होता म्हणून. पुढे त्याचेच आरसे, ब्रश, फण्या निघाल्या आणि त्यांना नाव मिळालं 'फ्रेंच आयव्हरी'. ना फ्रेंच, ना आयव्हरी. पुण्याच्या जुन्या बाजारात मला एकाने असाच आरसा "साहेब, अस्सल हस्तिदंत" म्हणून दाखवला होता. सेल्युलॉइडच्या पाठीवर लाकडासारख्या समांतर रेघा मुद्दाम उठवलेल्या असतात, खऱ्या हस्तिदंताच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. अंगठ्याने जोरात घासलं की सेल्युलॉइडला कापराचा वास येतो, कारण त्यात कापूर असतोच. तापलेली सुई टोचून बघा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ते भक्कन पेटतं. जुन्या सिनेमाच्या रिळांचं द्रव्य जवळपास हेच. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट गेले, ते पुणेकरांना आठवत असेल. आणि खरंच हस्तिदंत निघाला तर विकत घेऊच नका, आपल्याकडे १९९१ च्या दुरुस्तीनंतर आयात हस्तिदंताचा व्यापारही बंद आहे. मी त्या विक्रेत्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर, घ्यायचा तर घ्या, नाहीतर पुढे व्हा." मी घेतला. माझ्या संग्रहातला तो एकच सेल्युलॉइडचा, तो वेगळ्या उघड्या फडताळात ठेवतो. सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या धातूला खाते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

या संचांच्या पाठीवर मधोमध बहुतेक वेळा मालकिणीच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली असतात, वेलीसारखी एकमेकींत गुंफलेली. बाजाराचा नियम असा की अक्षरं असली तर भाव कमी. दुसऱ्या कुणा बाईच्या नावाचा ब्रश आपल्या टेबलावर कशाला, असं गिऱ्हाइकाला वाटतं. म्हणून विकणारे ती अक्षरं घासून काढतात. पत्रा आधीच पातळ, तो तिथे आणखी पातळ होतो, कधी हलका खळगा पडतो. पाठ तिरपी करून उजेडात धरली की खळगा दिसतो. अनुभवी माणूस तिथे फुंकर मारून बघतो, वाफेत कधी कधी पुसलेली अक्षरं पुसटशी उमटतात. कधी कधीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे घासणं चूक आहे. वितळवण्याइतकंच चूक, किंवा थोडं जास्तच. वितळवणारा निदान वस्तू संपवून मोकळा होतो. घासणारा वस्तू ठेवतो आणि माणूस काढून टाकतो. आणि हे मी वरच्या ओट्यावर बसून सांगत नाही. मी स्वतः ते केलेलं आहे.

माईआत्या म्हणजे माझ्या वडिलांची आत्या, आजोबांची धाकटी बहीण. जन्म १९०८ चा, साताऱ्याचा. अकराव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी नवरा गेला, चौदाव्या वर्षी डोक्यावरून वस्तरा फिरवला. सालं लक्षात घ्या. १८९० मध्येच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केस उतरवणार नाही असं ठरवलं होतं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला होता, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू झालं होतं. आणि १९२२ साली आमच्या घराच्या मागच्या दाराने न्हावी आत आला. आजोबा घरात होते. ते काही बोलले नाहीत. तीन वर्षांनी त्याच आजोबांनी घरच्यांशी भांडण करून तिला हिंगण्याला नेऊन पोचवलं. माणसं अशीच असतात, मी आजोबांचा न्याय करायला बसलेलो नाही.

हिंगण्याला तिने केस वाढवले, शिकली, आणि पुढे पुण्यात मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. १९४७ च्या डिसेंबरात कॅम्पातलं एक इंग्रज कुटुंब मायदेशी परत निघालं, त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. शाळेसाठी दोन कपाटं घ्यावीत म्हणून ती गेली होती. कपाटं मिळाली नाहीत, पण स्वतःच्या पैशांनी बावीस रुपयांना एक आरसा, एक ब्रश आणि एक फणी घेऊन आली. बर्मिंगहॅमचा नांगर, चालता सिंह, १९११ चं अक्षर (हे मी नंतर वाचलं, तिला त्यातलं काही माहीत नव्हतं). पाठीवर गुंफलेली तीन अक्षरं, ई, एम आणि एच.

१९६६ ते १९७० मी बी.ए. करायला पुण्याला तिच्या खोलीवर राहिलो. नारायण पेठेतल्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक खोली, तिच्यापुढे ओटी. रात्री जेवणं झाली, माझी पुस्तकं पसरली, की ती खिडकीशी बसून केस सोडायची. साठीला आली होती, केस पांढरे आणि फार नव्हते. ब्रश हळूहळू फिरवायची, मोजून. मोजताना ओठ हलायचे, मला आधी वाटायचं जप चाललाय. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या आरशाकडे पाठ करून हातआरसा धरायची आणि अंबाडा कसा बसलाय ते बघायची. कुठे जायचं नसायचं, झोपायचंच असायचं, तरी बघायची. मी एकदा विचारलं, "माईआत्या, आता कोण बघणार आहे तुझा अंबाडा?"

"मी," ती म्हणाली. "मागून हात फिरवला की अजून कधी कधी वाटतं, नाहीयेत. मग बघून घेते."

त्यानंतर मी तो प्रश्न विचारला नाही.

ब्रशावरून घरात एकदा मोठं महाभारत झालं होतं, ते मी आईच्या तोंडून ऐकलंय. माईआत्या मे महिन्यात साताऱ्याला आली, पिशवीतून ब्रश निघाला. आजीला कोणीतरी सांगितलं की हे डुकराचे केस असतात. झालं! आजीने तिला ओसरीवरच थांबवलं, "वन्सं, हे विटाळाचं घरात आणू नका." माईआत्या शांतपणे म्हणाली, "वहिनी, माझ्या डोक्यावर फिरवला तो वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावरच घासला होता. ह्याच ओसरीत. तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही." आजी आत गेली. ब्रश देवळीत राहिला. पुढे दर मे महिन्यात तो त्याच देवळीत असायचा, आणि आई सांगायची की आजी रोज झाडताना ब्रश उचलून खालची धूळ पुसायची.

तिच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी तिला सुचवलं होतं की ही इंग्रजी अक्षरं घासून तुमचं नाव कोरून घ्या, ओळखीचा सोनार आहे. तिने नकार दिला. मला हे सांगताना म्हणाली, "तिचं नाव तिला असू दे. माझं सगळं दुसऱ्यांनी पुसलं, मी कशाला कुणाचं पुसू?" ई म्हणजे कोण यावर आमच्या दोघांत पैजा चालायच्या. मी एलिझाबेथ म्हणायचो, ती एमिली. तिच्या मते एमिलीचे केस लाल आणि कुरळे होते, कारण ब्रशाच्या एका बाजूचे तंतू जास्त झिजले होते. यात तर्क काय ते मला आजही कळलेलं नाही.

१९७१ मध्ये माईआत्या गेली. आरसा आणि ब्रश साताऱ्याला दादाकडे गेला. फणी चुलतबहिणीने, नागपूरच्या ताईने, आठवण म्हणून मागून घेतली. फणीचे चार दात तुटलेले होते, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. २००४ मध्ये दादा गेल्यावर वहिनींनी उरलेल्या दोन्ही वस्तू माझ्याकडे दिल्या.

आणि २००६ मध्ये पुतणीचं लग्न ठरलं. तिला माईआत्याचा आरसा-ब्रश द्यावा असं माझ्या मनात आलं. कल्पना चांगली होती. पण वस्तू काळवंडलेल्या, लग्नात काळं कसं द्यायचं? पेठेतल्या एका चांदीच्या कारागिराकडे दिल्या आणि म्हटलं, "एकदम नव्यासारखं करा." त्याने ब्रश फिरवून पाहिला आणि विचारलं, "काका, ही अक्षरं ठेवायची का? लग्नात द्यायचंय म्हणता."

मी म्हणालो, "बघा तुम्ही, कसं बरं दिसेल ते."

हे वाक्य मी गेली वीस वर्षं रोज नाही, पण बऱ्याचदा ऐकतो, माझ्याच आवाजात. कारागिराचा दोष नाही. त्याने विचारलं होतं. चाळीस वर्षं मुलांना "विचार करून उत्तर द्या" असं सांगणाऱ्या मास्तराने विचार न करता उत्तर दिलं. आठ दिवसांनी वस्तू आल्या त्या खरोखर नव्यासारख्या. नक्षीच्या खोबणीत बसलेला काळेपणा गेला होता, त्यामुळे फुलं सपाट दिसत होती, आणि मधोमध गुळगुळीत. आरशावरही आणि ब्रशावरही. मी फुंकर मारून बघितली. वाफेत काहीच उमटलं नाही, त्याने काम फार नीट केलं होतं. पुतणीला मी पाकीट दिलं. (तू वाचत असशील तर तुला आज कळतंय, रागावू नकोस.)

त्यानंतर मी हे जमवायला लागलो. चोरबाजारात, जुन्या बाजारात, मुलीकडे गेलो तेव्हा तिकडे. फक्त अक्षरं असलेलेच घ्यायचे हा नियम, त्या सेल्युलॉइडच्या आरशाचा अपवाद सोडून. त्यामुळे स्वस्त पडतात, हा एक फायदाच. अकरापैकी दहा ब्रशांवर कुणाची ना कुणाची अक्षरं आहेत, अकरावा माईआत्याचा, कोरा. एका ब्रशात तर लांबसा भुरा केस अडकलेला निघाला. मी तो काढला नाही. आमची ही म्हणाली, "ठेवा, पण देवघराच्या भिंतीकडच्या कपाटात नको." आजी आठवली.

इंग्रज बायकांच्या वस्तू आपण का जपायच्या, त्यांनी आपल्या काय जपल्या, असंही एका मित्राने विचारलं. मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण माईआत्याने १९४७ च्या डिसेंबरात, स्वातंत्र्य मिळून चार महिने झाले असताना, एका जाणाऱ्या इंग्रज बाईचं नाव जपलं, आणि ती दररोज सूत कातणारी बाई होती. तिला ज्यात विरोध दिसला नाही त्यात मला दिसत नाही.

स्वच्छ करूच नये असं मी म्हणत नाही. तंतू खाली धरून साबणाच्या फेसात नुसती टोकं बुडवायची, पाठ आणि लाकूड कोरडं ठेवायचं, तंतू खालीच ठेवून वाळवायचं. चांदी मऊ फडक्याने पुसायची, वर्षातून एकदा, तेही हलक्या हाताने. द्रावणात बुडवायची नाही, त्याने खोबणीतला काळेपणा जातो आणि पाणी आतल्या राळेपर्यंत पोचतं. आरशाचा 'पारा' उडाला असेल तर नवी काच बसवू नका. (तो पारा नसतोही. लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८३५ मध्ये काचेवर चांदी चढवायची रीत काढली, तेव्हापासून हळूहळू पारा मागे पडला, आपल्या बोलण्यात मात्र तोच राहिला.) डाग पडलेल्या आरशात चेहरा दिसतोच की. आपल्या वयाला तर जरा बराच दिसतो!

भाच्याला माझं उत्तर असं. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेली तेव्हा भट्टीत गेलेल्या जुन्या वस्तू परत आल्या नाहीत. भाव मात्र दोन महिन्यांत कोसळला. तू हिशोबाला पक्का आहेस, म्हणून हिशोबच सांगतो. माझ्या सगळ्या संग्रहातून फार तर अर्धा किलो निघेल. उरलेलं राळ, लाकूड आणि डुकराचे केस. आणि माझ्यामागे कोण घेणार याचं म्हणशील तर एकानेच सगळं घ्यायला हवं असं कुठे आहे? दहा ब्रश दहा घरांत गेले तरी चालतील. ज्याला हवा त्याने आत्ताच सांगावं, मी नाव लिहून चिठ्ठी बांधून ठेवतो. फक्त घासायचा नाही हे कबूल करायचं. आणि वापरला तर उत्तमच, माझ्याकडे बिचारे वीस वर्षं उपाशी आहेत.

माईआत्याचा ब्रश आणि आरसा मात्र आत्ता देत नाही, त्याचं कारण वेगळं आहे. तिच्या फणीलाही चांदीची पट्टी होती. वरच्या कडेला, अगदी बारीक, तीच तीन अक्षरं होती. मला ती नक्की आठवतात, कारण पैजेच्या वेळी एम आहे की डब्ल्यू हे आम्ही फणीवर बघून ठरवलं होतं. ती फणी कारागिराकडे कधी गेलीच नाही, ती नागपूरला होती.

ताई, परवा फोनवर तू म्हणालीस की फणी कुठल्यातरी डब्यात असेल, दिवाळीची आवराआवर राहिलीय, सापडली की चकचकीत करून पाठवते. कृपा करून करू नकोस. चिंच लावू नकोस, रांगोळी लावू नकोस, टूथपेस्ट तर मुळीच नको. जशी असेल तशी कागदात गुंडाळ आणि पाठव. कुरियरचे पैसे मी देतो.